रूम पाहायला गेलो तेव्हा

रूमचे अवशेष पाहायला कोल्हापूरला जायचं, असं आम्ही घरात जाहीर केलं तेव्हा पहिला प्रश्न खालाकडून आला. "कौनसा रूम? सूरे रूमवाला?"

पोरं हसली. आम्हीही हसलो. आम्हाला इतिहास शिकवलेले सर त्या वेळी चहाला आले होते. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "खालांचं बरोबर आहे. तेच रूम. थोडं अलीकडचं, एवढंच."

मग आमच्या लक्षात आलं, की हा शब्द आपल्या घरात किती जुना आहे. कुरआन शरीफमधली तिसावी सूरह 'अर्-रूम'. त्यातले रूम म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचं, पूर्वेकडचं रोमन साम्राज्य. मौलाना जलालुद्दीन ज्या कोनियात राहिले तो मुलूख एके काळी रोमनांचा, म्हणून ते रूमी झाले. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतणारा उस्तादही मुहम्मद बिन हुसेन रूमीच. आणि मराठी बखरी लिहिणाऱ्यांनी दूरदेश म्हटला की 'रूमशाम' लिहिलं. म्हणजे आमच्या दोन्ही भाषांत, घरातल्या आणि दारातल्या, हे रूम येऊन बसलेलं होतं. फक्त ते कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी मातीखाली सापडलं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"मगर वहां अपना क्या है?" खालानं दुसरा प्रश्न केला. त्याला आमच्यापैकी कुणाजवळच उत्तर नव्हतं. तरी तीही निघाली. सहलीला बिर्याणीचा डबा कोण सांभाळणार, हा प्रश्न तिला रूमपेक्षा मोठा वाटला असावा.

एका रविवारी फजरनंतर साताऱ्याच्या सदरबझारातून आमची मिनीबस सुटली. तीन घरची माणसं, सहा पोरं, बारा पुऱ्या न मोजता येणाऱ्या पिशव्या. आमचे सोयरे सांगलीच्या खणभागात राहतात. ते परस्पर कोल्हापूरला येणार होते. सर कराडात चढले. हातात जाड कागदाची वही, गळ्यात मफलर. चढल्या चढल्या त्यांनी पोरांना बजावलं, "आज जे बघायचं ते डोळ्यांनी कमी आणि डोक्यानं जास्त बघायचं आहे. नंतर तक्रार नको."

कराडच्या जुन्या मशिदीचे दोन उंच मनोरे दुरून दिसले. आदिलशाहीतले. आम्ही लहानपणापासून पाहत आलो, पण सर म्हणाले, आधी यांच्यापेक्षा दीड हजार वर्षं जुनं पाहू. म्हणून जखिणवाडीकडे वळलो. आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. चढण दमवणारी. खाला एका दगडावर बसून राहिली आणि बाकीचे वर गेलो. आत छोट्या छोट्या खोल्या, झोपायला दगडी ओटे, पूजेचा दगडी स्तूप. वेरूळ-अजिंठ्याचा थाट इथे नाही. कष्टाळू माणसांनी ऐपतीप्रमाणे केलेलं काम दिसतं.

"हे कोणाच्या पैशानं?" सरांनी विचारलं. पोरं म्हणाली, राजाच्या. "राजाच्या कमी, व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या जास्त," सर म्हणाले. कराडचं जुनं नाव करहाटक. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत कराडकरही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कराडचा माणूस एवढ्या लांब जाऊन दान देत होता, कारण कराड वाटेवरचं गाव होतं. इकडे कुंभार्लीचा घाट उतरला की चिपळूण, पुढे खाडी, पुढे समुद्र. समुद्रापलीकडे मिसर, आणि मिसरच्या पलीकडे रूम.

खाली आलो तेव्हा खाला त्या दगडावर एका गुराखी बाईशी शेळ्यांच्या भावाविषयी बोलत होती. अस्सल कऱ्हाडी मराठीत. आमची खाला घरात दखनी बोलते आणि दाराबाहेर पाय ठेवला की मराठी. मधे उंबरा लागतो, पण ती अडखळत नाही. सर म्हणतात, दखनीतलं 'नको' हे मराठीनं दिलेलं आहे, तेव्हा उंबराही तसा नावालाच.

कोल्हापुरात दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगपाशी सांगलीची मंडळी भेटली. मुसलमानांच्या मुलांनी शिकावं म्हणून शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन हे काम १९०६ साली उभं केलं. आमच्या अब्बांच्या पिढीतली कितीतरी माणसं इथे राहून मॅट्रिक झाली. जोहरची नमाज झाली, डबे मात्र सरांनी उघडू दिले नाहीत. "जेवण ब्रह्मपुरीला. मला डबा लागणार आहे," ते म्हणाले. डबा कशाला लागणार, हे कुणाला कळलं नाही.

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठावरचा एक उंचवटा. नदीच्या बाजूनं पाहिलं तर टेकाड, गावाच्या बाजूनं पाहिलं तर नेहमीसारखी वस्ती. घरं, बोळ, वाळत घातलेले कपडे, एक झोपलेलं कुत्रं. पोरांनी चौफेर पाहिलं. सांगलीच्या एका धाकट्यानं सरळ विचारलं, "सर, अवशेष कुठं आहेत?"

"तुझ्या पायाखाली."

पोरांची तोंडं उतरली. त्यांनी टीव्हीवर पाहिलेले मोठे खांब, गोल मैदान, सिंह, असं काहीतरी मनात धरलेलं होतं. खरं सांगायचं तर आम्हीही मनातून खट्टू झालो. सव्वाशे-दीडशे किलोमीटरचं डिझेल जाळून आम्ही एका साध्या बोळाच्या तोंडाशी उभे होतो.

तेव्हा सरांनी खालाच्या हातातला चार पुडांचा पितळी डबा मागून घेतला. नदीकाठच्या सावलीत बसून त्यांनी तो पोरांसमोर ठेवला. "हा ब्रह्मपुरीचा ढिगारा," ते म्हणाले. "१८७७ साली इथे जुनी नाणी सापडली. त्यांवर विळिवायकुर असं राजाचं नाव. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीनं भूगोल लिहिताना आपल्या भागातला बालेओकूरोस नावाचा राजा नोंदला आहे. पुष्कळ अभ्यासकांना वाटतं, तो हाच. पुढे १९४४-४५च्या सुमारास इथे राजाराम कॉलेजच्या प्रा. कुंदणगारांनी खणायला घेतलं आणि तांब्या-पितळेच्या, काशाच्या वस्तूंचा मोठा साठाच निघाला. मग १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित आले. त्यांनी हा डबा पुडापुडानं उघडला."

सरांनी कडी काढली. सगळ्यांत खालच्या पुडात भात होता. "हे सातवाहन. विटांची घरं, मणी, नाणी, आणि रूमहून आलेल्या वस्तू." मग वरच्या पुडावर बोट ठेवलं. त्यात खालानं केलेला खिमा होता. "आणि हे बहामनी. चौदाव्या-पंधराव्या शतकातलं. बहामनी सुलतानांची नाणी, चकाकी दिलेली भांडी, रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे."

आम्ही चमकलो. खालानं आपल्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं डब्यातून निघेल, असं तिला वाटलं नसणार. आपलं तिथं काय आहे? वरचा पुड आहे. आणि तो खालच्या पुडावर ठेवलेला आहे. खालचा काढून टाकला तर वरचा कशावर राहील?

जेवणं झाली. सर पोरांना वाऱ्याची गोष्ट सांगत होते. उन्हाळा संपता संपता नैर्ऋत्येचे वारे सुटतात. त्या वाऱ्यावर शिडं सोडून तांबड्या समुद्रातली जहाजं थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्यानं परतत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात भडोच, कल्याण ही बंदरं आहेत, पैठण आहे, आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. आपल्याकडून जायचं सुती कापड, अकीक, मिरे. तिकडून यायची दारू, भांडी आणि नाणी. रोमचा प्लिनी कुरकुरला, की हिंदुस्थान दरसाल आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सर म्हणाले, "आणि त्या वाऱ्यांना आपण मोसमी वारे म्हणतो. मौसिम हा अरबी शब्द. ठराविक हंगाम. अरब खलाशांनी दिला, इंग्रजांनी त्याचा मॉन्सून केला. म्हणजे आपला पाऊससुद्धा अरबी नावानं पडतो. कुणी त्याला परत पाठवायला निघत नाही."

तिथून टाउन हॉल. एकोणिसाव्या शतकातली दगडी इमारत, भोवती मोठी झाडं. ब्रह्मपुरीत निघालेल्या वस्तू ठेवायला १९४६ साली संग्रहालय सुरू झालं आणि पुढे ते या इमारतीत आलं. आत पोसायडन आहे. रोमन-ग्रीकांचा दर्याचा देव. आमच्या मनात पुरुषभर उंचीचा पुतळा होता. प्रत्यक्षात तो तळहातावर उभा राहील एवढा. काशाचा, दाढीवाला, अंगावर सूतभर कापड नाही. हातात त्रिशूळ असायचं ते आता नाही. सांगलीच्या भाभींनी घाईनं तोंड फिरवलं. खालानं मात्र निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बिचारा. इतने दूर से आया, और कपडे बी नहीं."

सर हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, त्या साठ्यातल्या बहुतेक वस्तू इथल्याच कारागिरांनी घडवलेल्या. रोमन थोड्याच. पण कुणीतरी त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत. आपल्या भांड्यांत, आपल्या खेळण्यांतल्या हत्तीबरोबर, एकत्रच जपल्या. ज्या घरात तो हत्ती, त्याच घरात हा दर्याचा देव. त्या घरधन्याला तो परका वाटला नाही, मौल्यवान वाटला.

आम्ही मूर्ती पूजणारे नव्हे. तरी त्या काचेपुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. पूजा वेगळी आणि ओळख वेगळी, हे तिथे उभं राहिल्यावर पोरांना सांगावं लागलं नाही.

बाहेर आलो, झाडाखाली बसलो आणि तिथे ती गोष्ट झाली. पुण्याकडचं एक कुटुंब शेजारी बसलं होतं. मध्यमवयीन गृहस्थ, बोलायला मोकळे. आमच्या घोळक्यात टोप्या होत्या, बुरखे होते, आणि बोलणं चाललं होतं मराठीत, पोसायडनच्या त्रिशुळावर. ते कौतुकानं ऐकत होते. पोरांना शेंगदाणे दिले. मग म्हणाले, "तुम्ही मराठी छान बोलता हो! मूळचे कुठले?"

"सांगलीचे," आमचे साडू म्हणाले.

"नाही, म्हणजे मूळचे?"

साडू मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी किती पोरांना बाराखडीपासून बीजगणितापर्यंत नेलं याची गणती नाही. ते गप्प राहिले. आम्हीही गप्प. तेव्हा त्यांची दहा वर्षांची नात म्हणाली, "खणभाग."

सगळे हसले. ते गृहस्थही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आम्हाला कळत होतं. आणि तेच टोचत होतं. शिवी असती तर तिला उत्तर आहे. कौतुकाला काय उत्तर द्यायचं? जे आईच्या दुधाबरोबर आलं त्याचं कौतुक म्हणजे ते आपलं नाही, असं सांगणंच की. आतल्या पाहुण्याला, समुद्र ओलांडून आलेल्याला, काचेच्या कपाटात मानाची जागा. 'मूळचा कुठला' हे त्याच्याखाली पाटीवर लिहिलेलं, अभिमानानं. आणि बाहेर झाडाखाली आमच्या साडूंना तोच प्रश्न.

परतीच्या वाटेवर बसमध्ये यावर बोलणं झालं. तरुण पोरं चिडली होती. सर खिडकीतून उसाचे फड पाहत होते. जयसिंगपूर आलं तेव्हा ते म्हणाले, "त्या माणसाला सोडा. तुमच्या घरी काय सांगतात?"

कुणी बोलेना. कारण सरांना ठाऊक होतं. आमच्यापैकी एका घरात लाकडी पेटीत शजरा आहे. वंशावळ. ती अरबस्तानातून सुरू होते. दुसऱ्या घरात सांगतात, आम्ही इराणहून घोड्यांबरोबर आलो. आणि आडनावं पाहावीत तर मुलाणी, बागवान, आत्तार, शिकलगार, तांबोळी. गावगाड्यातली कामं. मुलाणी हा तर गावच्या बलुत्यातला हक्कदार. पिकाच्या राशीवर त्याचा वाटा होता. या मातीनं ज्याला वाटा दिला, त्याला इराणहून आल्याचं सांगावंसं का वाटावं? समोरचा 'मूळचे कुठले' विचारतो तेव्हा आपणच पेटी उघडून त्याला शजरा दाखवतो, मग तक्रार कुणाची करायची?

सरांनी महमूद गावानची आठवण काढली. तो इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून १४५३च्या सुमारास दाभोळच्या बंदरात उतरला. त्याच मोसमी वाऱ्यांच्या वाटेनं. पुढे बहामनींचा वजीर झाला. बिदरचा मदरसा त्यानं बांधला. १४७०च्या सुमारास कोकणच्या मोहिमेत त्याचा तळ कोल्हापुरात पडला होता, म्हणजे आम्ही डबा उघडला त्या पंचगंगेच्याच परिसरात. त्या काळी दरबारात दोन तट होते. दखनी म्हणजे इथले, आणि आफाकी म्हणजे बाहेरून आलेले. दोन्ही मुसलमान. या भांडणात गावानच्या नावानं खोटं पत्र तयार झालं आणि १४८१ साली सुलतानानं त्याचा शिरच्छेद करवला. "तेव्हा इथला कोण आणि तिथला कोण, हा प्रश्न फक्त दुसऱ्यांनी तुम्हाला विचारलेला नाही," सर म्हणाले. "तुम्ही एकमेकांना विचारलात, आणि त्यात राज्य गेलं."

बसमध्ये शांतता पसरली. चिडलेली पोरंही गप्प झाली. आम्हाला वाटतं, त्या दिवशी सरांनी दाखवलेली खरी जागा हीच होती.

मगरिबला मिरज गाठलं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात फातिहा दिला. आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते उत्तरेतल्या कैरान्याचे. मिरजेत राहिले, १९३७ साली गेले आणि इथल्या मातीत निजले. दरसाल उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. पलीकडच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे करणारी घरं. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया सरल्या तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांतल्या फरीदसाहेबांनी तंबोरा हातात घेतला आणि मिरजेचा नवा धंदा उभा राहिला. भोपळा पंढरपूरकडचा, हात शिकलगाराचा, गळा कैरान्याचा. यातलं मूळ कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे वेगळं करायला गेलं तर तंबोराच मोडावा लागेल.

सांगलीत रात्रीचं जेवण झालं. पोरं पेंगुळली. सर मुक्कामाला तिथेच थांबणार होते. निघताना त्यांनी एक शेवटची गोष्ट सांगितली. रोमनांचं एक चांदीचं नाणं होतं, देनारियुस. ते नाव इकडे आलं आणि संस्कृतात दीनार झालं. अरबांकडे गेलं, तिथेही दीनार झालं. कुरआन शरीफमध्येही दीनार हा शब्द आहे. आणि ग्रीकांच्या द्राख्मचा तिकडे दिरहम झाला, इकडे द्रम्म आणि मग आपला मराठी दाम.

खाला दारात चप्पल शोधत होती. ती थांबली. तिच्या निकाहला मेहर बांधला होता एकशे पंचवीस रुपये आणि दोन दीनार सुर्ख. काझीसाहेबांनी वाचून दाखवलेलं तिला पाठ आहे, अजून.

"मतलब मेरे मेहर में बी रूम था," ती म्हणाली.

"होता," सर म्हणाले.

खालानं खालूंकडे पाहिलं. ते सत्तरी ओलांडलेले, दिवसभर बसमध्ये झोपलेले. "रुपये दिए तुमने," ती म्हणाली. "वो दो दीनार अबी बाकी हैं."